स्नानगृहाचा चाळिसावा

"स्नानगृह पडलं नाही, तुम्ही पाडलंत! इतक्या वर्षांत छपराचं एक कौल बदललं नाहीत, आणि आता म्हणता, म्हातारं झालं होतं!"

स्तोयना आजीचा आवाज चौकभर गेला. गरम झऱ्यावरचं गावचं जुनं स्नानगृह कोसळून आज चाळीस दिवस झाले होते. त्या जागी गाड्यांचा तळ करायचं पालिकेनं परस्पर ठरवलं होतं आणि पालिकेचे साहेब गावकऱ्यांची समजूत घालायला चौकात आले होते. स्तोयनाचे गुडघे त्या पाण्यावरच चालत होते. झरा डांबराखाली गेला की ती खाटेला खिळणार.

"आजी, माणूस मेल्यासारखं काय करताय?" साहेब हसले. "चार भिंती होत्या."

"बाहेरगावच्या पाहुण्यांनी गाड्या काय तुझ्या स्वयंपाकघरात लावायच्या?" भाजीवाला देच्को मागून ओरडला.

"झराच गेल्यावर पाहुणे येतील कशाला रे मेल्या? तुझे कांदे बघायला?"

लोक खदखदले. स्तोयनानं पिशवीतून पातेलं काढलं. मेलेल्याच्या चाळिसाव्याला वाटतात तो साखर घातलेला उकडलेला गहू त्यात होता. तिनं पहिला घास साहेबांपुढे धरला. हा घास गावात कुणी नाकारत नाही. साहेबांनी सवयीनं तो तोंडात टाकला आणि तो खाताना मेलेल्यासाठी म्हणतात ते सवयीनंच म्हणाले, "देव क्षमा करो."

देच्कोनं टोपी काढली.

"मेलं, हे तुम्हीच कबूल केलंत," स्तोयना म्हणाली. "मयताचा घास खाल्लात, आता मयताच्या घरच्यांना, म्हणजे आम्हाला, उत्तर द्या. झऱ्यावर नवं स्नानगृह बांधणार की नाही?"

साहेब घास गिळेनात.

"सावकाश गिळा, आम्ही उभे आहोत. पण गिळून झालं की बोला. हो की नाही?"