वरचं निवळ पाणी

"अहो नितळभाऊ, हे काय करताय?" नव्या केमिस्टबाई जवळजवळ ओरडल्याच.

नितळभाऊंचा हात हवेतच थांबला. एकोणतीस वर्षं करत आले तेच तर करत होते. नदीवरून बाटली भरून आणायची, तासभर निवळू द्यायची आणि वरचं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतून तपासणीला द्यायचं. गढूळ बाटली पुढे करणं त्यांच्या जिवावर यायचं. ऑफिसने हे नाव काही उगाच नव्हतं ठेवलं!

"तळाचा गाळ कुठाय?"

"मोरीत ओतला. गाळ कोण तपासतं, बाई?"

बाईंनी कपाळाला हात लावला. मग बरणीभर पाण्यात निळ्या रंगाचे चार थेंब टाकले, त्यात मोरीत साचलेला मूठभर गाळ ढवळला आणि म्हणाल्या, "चहा पिऊन या."

नितळभाऊ सावकाश परतले आणि बघतच राहिले. गाळ तळाशी बसला होता आणि वरच्या पाण्यात निळ्याचा मागमूस नव्हता.

"अरेच्चा! रंग गेला कुठे?"

"गाळाच्या कणांना चिकटला. कारखान्यांचं शिसंही असंच चिकटतं."

एवढासा कण, चिमटीत हजारो मावतील! आणि पठ्ठ्या अख्ख्या शहराचं विष धरून मुकाट तळाशी बसलाय. नितळभाऊंच्या अंगावर काटा आला. ज्याला आयुष्यभर मोरी दाखवली, त्याला हात जोडावेसे वाटले त्यांना.

बाईंनी आता बरणीत मीठ टाकलं, पुन्हा ढवळलं. या खेपेला गाळ बसला तरी पाण्यावर फिकी निळी झाक राहिली.

"खारं पाणी आलं की पकड सैल होते," बाई म्हणाल्या.

नितळभाऊंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मासे पुन्हा वर चढावेत म्हणून शनिवारी बांधाची दारं उघडून समुद्राचं पाणी नदीत घ्यायचं ठरलं होतं. कशाच्या भरवशावर? त्यांनीच दिलेल्या बाटल्यांच्या! आणि बांधालगतच्या चिखलात त्यांची थोरली बहीण रोज शिंपल्या वेचायची. घरची पोरंबाळं तेच खायची.

ते तडक साहेबांच्या खोलीत शिरले आणि सगळं सांगून टाकलं.

"डोकं ठिकाणावर आहे का? पुढच्या महिन्यात तुमचा सत्कार आहे. आता चौकशी लावून घेताय?"

"लागू दे, साहेब. नमुने मीच चुकीचे दिले. लिहून देतो, पण दारं उघडू नका."

साहेबांनी त्यांनी लिहून दिलेला कागद दोनदा वाचला, मान हलवली आणि बांधावर फोन लावला.

दुपारी नितळभाऊ नदीवर गेले. ताईची पाटी काठोकाठ भरली होती.

"ताई, हे घरी नेऊ नकोस. विष आहे त्यात."

"काहीतरीच! पाणी चांगलंय म्हणून तूच सांगत आलास ना?"

"चुकलो गं. फार चुकलो."

घरातल्या कितीतरी जेवणांचा हिशेब ताईच्या डोळ्यांत उतरला. मग तिने पाटी उचलली आणि चिखलात पालथी केली. सवयीने हात धुवायला ती पाण्याशी वाकली, तशीच थांबली आणि माखलेले हात अंगापासून दूर धरून घराकडे चालू लागली.