आधी कीपर

स्टुडिओतला एसी इतका गार होता की ओपनरने गळ्याला मफलर गुंडाळला होता, आणि शेजारी बसलेल्या चिकटरावांना मात्र दरदरून घाम फुटला होता. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेट विश्वचषकात कोणत्या टीमला किती चान्स, यावर रेडिओचा कार्यक्रम चालू होता. आठ टीमांपैकी सहांबद्दल बोलून झालं होतं, सातवी चालू होती, आणि शेवटची आपली होती.

चिकटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. देशासाठी विकेटकीपिंग करायचे तेव्हा बॉल ग्लोव्हजना चिकटूनच बसायचा, म्हणून पडलेलं. ओपनर त्याच टीमचा सलामीवीर. आता पोट सुटलं होतं, पण जिभेची धार तशीच. दोघं मिळून रेडिओवरून दुसऱ्यांच्या खेळाची चिरफाड करायचे. चिकटरावांची पद्धत ऐकणाऱ्यांना तोंडपाठ होती. टीम कुठलीही असो, आधी कीपर. बॅटिंग, बॉलिंग, कॅप्टन, सगळं मागाहून. नुसते कीपरचे हात बघून टीम कुठवर जाणार ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. म्हणून लोक त्यांचा शब्द प्रमाण मानायचे.

आता आपल्या टीमची कीपर कोण, तर यांचीच लेक! इतकी वर्षं बिचारी राखीव म्हणून मैदानावर पाण्याच्या बाटल्या नेत होती; यंदा कुठे पहिली कीपर म्हणून घेतली होती. परवा कॅम्पमधून घरी आली तेव्हा डावा हात जॅकेटच्या खिशातून बाहेर काढायलाच तयार नाही. बापाच्या नजरेतून असं सुटतंय होय! ओट्यापाशी गाठून त्यांनी हात बघितला. मधलं बोट सुजून टम्म, वरचं पेर काळंनिळं.

"मोडलंय हे," ते म्हणाले.

"मुरगळलंय नुसतं. आणि बाबा, तू कोणापुढे अवाक्षर काढायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला!"

त्यांनी मान डोलावली. इथेच माती खाल्ली. असंच दुखणं लपवून खेळल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली होती. शर्टाची बटणं अजून बायको लावून द्यायची. सगळं कळत होतं हो, पण पोरीच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि हा शहाणा माणूस विरघळला.

"गतविजेत्यांची कीपर उंच आहे, लेगसाइडला तिचा हात जरा उशिरा जातो," चिकटराव माइकवर म्हणत होते. "पण बॉलिंग असली जबरदस्त की फायनल नक्की."

"आणि आता आपली टीम!" निवेदिका खुशीत म्हणाली.

काय बोलायचं ते त्यांनी घोकून ठेवलं होतं. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "आपली सलामीची जोडी यंदा चांगली जमलीये. पहिली दहा षटकं निभावली तर..."

"अरे ए चिकट्या!" ओपनर खुर्चीत उडालाच. "आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय? आधी कीपर ना?"

"सर, घरचं माणूस म्हणून लाजताय का?" निवेदिका हसली.

चिकटराव पुढ्यातले कागद उगाच चाळू लागले. रेडिओवर गप्प बसणं म्हणजे मोठा गुन्हा. काचेपलीकडच्या इंजिनियरने दचकून मान वर केली. ओपनरचं हसूही हळूहळू विरलं. तो त्यांच्याकडे टक लावून बघू लागला.

"कीपरचे हात उत्तम आहेत," चिकटराव एकदाचे म्हणाले. "परवाच बघितले मी. स्वतःच्या डोळ्यांनी."

अहो, कोणी विचारलं होतं का, कधी बघितले म्हणून? पण खोटं बोलायची सवय नसली की माणूस वर पुरावाही देऊन मोकळा होतो. तेवढ्यात बातम्यांची वेळ झाली म्हणून निभावलं. ते कपाळ पुसत कॉरिडॉरमध्ये आले, तोच फोन वाजला. लेक होती.

"बाबा, ऐकलं मी. कोचच्या खोलीत होते."

"तिथे काय करत होतीस?"

"सांगायला गेले होते, बोटाचं. सकाळी साधा कप धरता येईना. म्हटलं बास झालं, माझ्या हौसेपायी टीमचं वाटोळं नको. त्यांच्याकडे रेडिओ चालू होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू बोललास. कोच म्हणाले, चिकटरावांनी हात बघितलेत ना, मग स्पर्धेआधीच्या तपासणीला डॉक्टरकडेही जायला नको. तुझं नाव पक्कं."

"अगं, मग तिथल्या तिथे सांगायचं ना!"

"काय सांगू? माझा बाप सगळ्या देशासमोर खोटं बोलला म्हणून? जाऊ दे. टेप गुंडाळते आणि खेळते."

तिने फोन ठेवला. त्यांनी परत लावला, तर बंद. इंजिनियर काचेवर टकटक करून बोलवत होता. स्वतःचाच राग राग करत ते आत जाऊन बसले.

"तर सर, आपल्या टीमबद्दल शेवटचा अंदाज?" निवेदिकेने विचारलं.

"त्याआधी एक सांगतो. मघाशी मी खोटं बोललो." त्यांनी माइक जवळ ओढला. "माझ्या मुलीचं बोट मोडलंय. मला माहीत होतं. ती स्वतःहून कोचना सांगायला गेली होती, माझ्या बोलण्याने तिचं तोंड बंद झालं. तिचा काडीचाही दोष नाही. तिने शपथ घातली होती, ती मी मोडतोय. कोच ऐकत असतील तर त्यांनी तिला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्यावं."

ओपनरने टेबलाखालून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मग... आपले चान्स?" निवेदिका कशीबशी म्हणाली.

सगळं संपलं, असं सांगावं, असं त्यांना फार वाटलं. लेकीवाचून टीमचं अडतं, एवढं तरी तिच्या कानावर पडलं असतं. पण दुसरी कीपर त्यांनी नेटमध्ये तासन्‌तास बघितली होती.

"राखीव कीपरचे हात माझ्या मुलीइतकेच चांगले आहेत. पाय तिच्याहून चपळ. फिरकीवर स्टंपिंगला तर ही पोरगी सरसच आहे. आपण सेमीफायनल गाठतो. कदाचित फायनलही."

"म्हणजे तुमची मुलगी नसली तरी चालेल?" निवेदिकेच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने लगेच जीभ चावली.

लेक कुठेतरी ऐकत असणार, हे चिकटरावांना पक्कं ठाऊक होतं.

"टीमला चालेल," ते म्हणाले.