कागदाची मागची बाजू

मी एक जुना स्कॅनर आहे. पनवेलच्या बाजारपेठेतल्या एका गाळ्यात, कपाटावर पडून असतो. माझ्या झाकणाची एक बिजागरी मोडली आहे आणि दिवा लागला तर लागतो. मित्रांनो, माझ्यासारखी म्हातारी यंत्रं बोलायला लागली की आधी स्वतःची आरती ओवाळून घेतात. मीही थोडी ओवाळणार आहे. पण मला सांगायची आहे ती एका चोरीची गोष्ट. त्या चोरीत मी सामील होतो.

२००४ साली नाझिया मुकादम यांनी त्यांच्या याच गाळ्यात मला खोक्यातून बाहेर काढलं. तेव्हा त्या पत्रिका, पाट्या, जाहिराती यांची डिझाइनं करायच्या. गावात त्यांना 'कार्डवाली नाझिया' म्हणत. निकाहची कार्डं, हळदीच्या पत्रिका, मच्छीच्या दुकानाची पाटी, सगळं माझ्या काचेवरून जायचं. त्या रोज मऊ फडक्यानं माझी काच पुसायच्या आणि म्हणायच्या, "तू माझा डोळा आहेस रे." मी फुगून जायचो. त्या काळात माझ्याइतकं सुखी यंत्र पनवेलमध्ये दुसरं नसेल.

पुढे खारघरच्या एका कॉलेजात त्या अक्षरलेखन शिकवू लागल्या आणि सगळ्यांच्या 'मॅडम' झाल्या. मुलांच्या वह्या, कागद तपासायला त्या गाळ्यातच आणायच्या. त्यांचा एक नियम होता: नाव कागदाच्या पुढे लिहायचं नाही, मागे लिहायचं, तेही पेन्सिलीनं. आधी गुण द्यायचे, मग कागद उलटायचा. "नाव वाचलं की नजर वाकडी होते," असं त्या म्हणत. मुलांना त्यांचा हा न्याय फार आवडायचा. मलाही आवडायचा.

२०१२ साली त्यांच्याकडे अंगणवाड्यांसाठी मुळाक्षरांचा तक्ता करायचं काम आलं. काम मोठं होतं, जिल्हाभर लागणार होतं. मॅडमनी दहा दिवस कागद काळे केले. अक्षरं देखणी यायची, पण त्यांत जीव नसायचा. मॅडम चिडायच्या, फाडायच्या, पुन्हा बसायच्या. तक्ता द्यायची तारीख दोन दिवसांवर आली होती.

त्या दुपारी त्या मुलांचे कागद तपासत होत्या आणि एका कागदापाशी थांबल्या. कुणीतरी जळक्या काडीनं सगळी मुळाक्षरं काढली होती. त्यातला 'ण' कमरेत वाकून विटा उचलणाऱ्या बाईसारखा होता. 'ळ' तर नुकताच झोपेतून उठला होता. मॅडमनी दहापैकी नऊ गुण दिले, कागद उलटला आणि मोठ्यानं वाचलं, "दिपा मंगळ्या मुकणे."

दिपा डोंगराकडच्या कातकरी वाडीतली. पाऊस सरला की तिचे आईवडील वीटभट्टीवर जायचे. तिच्या वाडीतून कॉलेजात आलेली ती पहिलीच.

"फक्त बघते, अक्षरं चालतात कशी," मॅडम स्वतःशीच म्हणाल्या आणि तो कागद त्यांनी माझ्या काचेवर पालथा ठेवला.

मित्रांनो, स्कॅनरला कागदाची एकच बाजू दिसते. ही सबब मी स्वतःला कितीतरी वर्षं दिली. पण नाव मी ऐकलं होतं. ऐकूनही मी दिवा सरकवला, एकेक अक्षर इमानदारीनं उचललं आणि मॅडमच्या हवाली केलं. त्यांनी संगणकावर कोळशाचे ठिपके पुसले, कडा साफ केल्या. दोन दिवसांनी तक्ता छापायला गेला. खाली छापलं होतं, 'अक्षरं : नाझिया मुकादम'.

तक्ता गाजला. मॅडमना पुरस्कार मिळाला. मिळालेली शाल आणि नारळ त्यांनी घरी नेईपर्यंत माझ्याच झाकणावर ठेवले होते. तेवढं ओझं मी आयुष्यात उचललं नाही. त्याच सुमारास दिपा कॉलेजात यायची बंद झाली. "भट्टीचा हंगाम असेल," मॅडम म्हणाल्या. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं आम्ही दोघांनी ते मानून घेतलं.

तीन वर्षांनी दिपा गाळ्यात आली. तिच्याबरोबर तिची आई गुणाबाई होती. दिपा बसली नाही.

"मॅडम, माझा कागद पायजे," ती म्हणाली. "दुसऱ्या कॉलेजात ॲडमिशनला गेले. तिथे मी माझी अक्षरं काढून दाखवली. सर म्हणाले, ही तर मुकादम मॅडमची नक्कल आहे. नक्कल करणाऱ्यांना आम्ही घेत नाही."

स्वतःच्याच अक्षरांची चोर ठरली होती ती पोर.

गुणाबाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला वाचाया येत नाय, बाई. पन आमच्या वाडीत तो तक्ता लागला तवाच मी वळखलं, ह्यो हिचा हात हाय. हिला इचारलं, तर ही बोलली, मीच दिलाय मॅडमना, मागितला म्हनून."

दिपानं मान खाली घातली. आपल्या शिक्षिकेची लाज राखायला ती आईशी खोटं बोलली होती. मला मान असती तर मीही घातली असती.

मॅडमनी खालचा ड्रॉवर उघडला. कागद तिथंच होता.

"तीन वर्षं हितंच होता?" दिपानं विचारलं.

"हो."

"मग तुम्ही तो कधी उलटून बघितला असंल ना?"

"पहिल्याच दिवशी," मॅडम म्हणाल्या. "मला शरम वाटते, दिपा. मी चोरी केली." एवढं बोलून त्या आमच्यासमोर रडल्या.

मग त्यांनी कागद माझ्या काचेवर ठेवला, या वेळी अक्षरं वर आणि नाव खाली. पेन्सिलीचं नाव पुसट झालं होतं. मी जीव एकवटून दिवा सरकवला. मॅडमनी सोबत पत्र लिहिलं, आपली चोरी स्वच्छ शब्दांत कबूल केली आणि दोन्ही त्या कॉलेजला, पुरस्कार देणाऱ्यांना आणि तक्ता छापणाऱ्यांना पाठवलं. पुरस्कार परत गेला. विभागप्रमुखपद मिळणार होतं, तेही गेलं. दिपाला प्रवेश मिळाला, तोही एक वर्ष उशिरानं. पुढच्या वर्षी नवा तक्ता निघाला, त्यावर तिचं नाव आहे.

तुम्ही म्हणाल, गोड झालं की सगळं. नाही झालं, मित्रांनो. मॅडम अजून शिकवतात. त्यांच्या वर्गात आता नाव कागदाच्या पुढेच लिहितात. दर वर्षी पहिल्या तासाला त्या ही गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगतात. दिपा मात्र त्या दिवशी कागद घेऊन गेली ती परत या गाळ्यात आली नाही. मॅडमनी दोनदा बोलावणं धाडलं होतं.

मला भंगारात द्यायचं असेल तर खुशाल द्या. पण तुमच्या घरी माझ्यासारखं यंत्र असेल, तर त्याची काच पुसण्याआधी, त्यावर ठेवायचा कागद कुणाचा आहे ते विचारा. त्या दुपारी मी घरघर करून अडून बसलो असतो, तरी चाललं असतं. मला बिघडता येत होतं, आणि मी बिघडलो नाही.