बेदाण्यांची ओटी

मित्रांनो, माझ्या डोक्यावर सध्या बेदाण्याच्या बारा रिकाम्या पेट्या आहेत आणि पाठीमागे उंदरांनी बिऱ्हाड थाटलं आहे. तरी जरा नीट बघा. समोर काळी काच, खाली दोन दांडे, दोन्हीकडे बटणं. ओळखलंत? मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. एके काळी रुपया टाकल्याशिवाय मी कुणाशी बोलतसुद्धा नसे. एवढी माझी ऐट होती!

मुंबईच्या एका सुताराने माझं लाकडी कपाट ठोकलं, त्यात जुन्या टीव्हीचा पडदा बसवला, आणि १९९२ साली मी टेम्पोतून आदळत-आपटत सांगलीला आलो. एसटी स्टँडमागे हुसेनभाईंचं पार्लर होतं. गल्ल्यावर त्यांची आई अख्तरबी बसायची. माझ्यात आठ लढवय्ये होते. दोघांनी शेजारी उभं राहायचं, एकेक लढवय्या निवडायचा आणि कुस्तीसारखी जोड लावायची. सांगली पडली कुस्तीची. पोरं मला आखाडाच म्हणू लागली. कॉलेज बुडवून यायची आणि माझ्या बटणांवर मुक्के मारायची. मेल्यांनी माझी तीन बटणं पहिल्याच वर्षी फोडली.

आठ लढवय्यांत एकच बाई होती. तिला कुणी घेत नसे. "बाई घिऊन लढायला आमी काय बांगड्या भरल्यात व्हय?" असं अर्जुना म्हणायचा. हा तासगावचा, सांगलीत कॉलेजला आलेला. पार्लरमध्ये त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं.

मग एक दिवस म्हसवडहून आलेलं एक सडपातळ पोर माझ्यापुढे उभं राहिलं. बाजारपेठेत शिलाईच्या दुकानात काज-बटणं करायचं. त्याने ती बाईच निवडली आणि अर्जुनाला लागोपाठ तीनदा लोळवलं. हात तरी किती हलका! बटण दाबलं की नाही, हे मलाच कळत नव्हतं. अर्जुनाच्या तोंडचं पाणी पळालं.

सगळ्यांना तो मुलगा वाटायचा. मला मात्र खरं ठाऊक होतं. दुपारी लाईट गेली की पार्लर रिकामं व्हायचं. मग माझ्या काळ्या काचेत बघून ती खिशातली टिकली कपाळावर लावायची आणि अगदी हळू म्हणायची, "मयूरी." लाईट आली की टिकली पुन्हा खिशात. तिचं आधीचं नाव मी सांगणार नाही. तिने टाकलेली वस्तू मी कशाला उचलू?

१९९५ च्या दिवाळीनंतर ती साडी नेसूनच आली. कुणी शिट्टी मारली, कुणी खिदळलं. शिलाईचं काम तर त्याच आठवड्यात गेलं. पण त्याहून वाईट पुढेच होतं. तिच्याशी जोड लावायला कुणी येईना. हरलो तर लोक काय म्हणतील! अर्जुनासुद्धा कोपऱ्यातल्या मोटारीच्या गेमवर जाऊन बसला. माझा उजवा दांडा धूळ खाऊ लागला. दोघांचा खेळ ती एकटीच खेळायची, माझ्याशी. मी तिला मुद्दाम जिंकू देत होतो असं समजू नका हं. ती मला रोज रीतसर हरवायची आणि मग रिकाम्या उजव्या बाजूकडे बघत राहायची. तेव्हा मला स्वतःचाच राग यायचा. दांडे दोन आणि माणूस एक, असला कसला मी आखाडा?

हे अख्तरबीला बघवेना. ती लेकाला म्हणाली, "हुसेन, जत्रंत पैलवान शड्डू ठोकून आव्हान देत्यात न्हवं? हिलाबी तसंच उभं कर. लोक आपसूक येत्याल."

अशी मयूरी पगारी खेळाडू झाली. आमच्या मुलखात व्हिडिओ गेम खेळून पोट भरणारं दुसरं माणूस निदान मी तरी पाहिलं नाही. शिराळ्याची नागपंचमी, म्हसवडची जत्रा, जिथे तंबू लागेल तिथे ती आणि मी. बाहेर पाटी असायची, 'चॅम्पियनला हरवा, इनाम न्या.' दोन वर्षांत इनाम कुणाला मिळालं नाही.

एकदा ती म्हणाली, "भाई, पाटीवर माझं नाव घाला की."

"नाव घातलं तर लोक खेळायचं सोडून तुलाच बघत बसतील," हुसेनभाई म्हणाले.

"मग आत्ता काय करत्यात?"

हुसेनभाईंनी पाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मोठं मैदान जिंक. तिथं माईकवर तुझं नाव पुकारलं, की दुसऱ्या दिवशी पाटीवर घालतो. जबान देतो."

तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना. म्हसवडच्या जत्रेत तिचा थोरला भाऊ तंबूच्या दारापर्यंत आला, आत डोकावला आणि आल्या पावली परत गेला. ती म्हणाली, "एकदा नाव पुकारलं की ऐकंल त्योबी." हे ती मलाच म्हणाली. तिथे दुसरं होतंच कोण?

१९९७ साली ते मोठं मैदान ठरलं. तासगावात, अर्जुनाच्या चुलत्याच्या बेदाणा शेडमध्ये. सातारा-कऱ्हाडकडचेही खेळाडू आले. द्राक्षांचा हंगाम नव्हता, म्हणून शेड मोकळी होती. ऊन आत येऊ नये म्हणून चारी बाजूंनी गोणपाटं बांधली. सगळं कुस्तीच्या मैदानासारखं, हलगीसुद्धा! पुकारायला नाथाजी अण्णा, कुस्तीच्या फडातले जुने निवेदक. माझ्यापुढे एक नारळ ठेवला होता. तो फोडायची कुणाला आठवणच राहिली नाही.

शेवटची जोड मयूरी आणि अर्जुनाची लागली. दोन वर्षांनी माझ्या उजव्या दांड्यावर अर्जुनाचा हात पडला आणि मला भरून आलं. अर्जुना जीव तोडून खेळला. पण मयूरीने तीच बाई घेतली होती. शेवटचा डाव तिने असा काही मारला की हलगीवाला वाजवायचंच विसरला.

नाथाजी अण्णांनी माईक घेतला आणि तिचं टाकलेलं नाव पुकारलं. मग फेटा घेऊन पुढे आले.

ती मागे सरली. पदर नीट केला. "अण्णा, माज्या नावानं पुकारा. मयूरी. आन् फेटा गड्याला बांधत्यात. माजी ओटी भरा."

"मैदानात ओटी? अशी रीत न्हाई बाबा."

"मग माज्यापास्नं सुरू करा."

नाथाजी अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांनी माईक तोंडाजवळ नेला, लोकांकडे पाहिलं आणि खाली घेतला. अर्जुना माझ्या शेजारीच उभा होता. त्याने एक शब्द काढला असता, तर अण्णांना धीर आला असता. तो जमिनीकडे बघत राहिला. माझा आवाज कर्णकर्कश होता, पण नेमकं हवं ते मला बोलता येत नव्हतं.

तेवढ्यात अख्तरबी उठली. माझ्यापुढचा नारळ उचलला. तांदूळ कुठून आणणार? कोपऱ्यातल्या गोणीतून ओंजळभर बेदाणे घेतले. "तुमची रीत मला पुरती ठावं न्हाई. पन लेकीला रिकाम्या पदरानं धाडू नये, एवढं ठावं हाय. पदर पुढं कर, बेटी." मयूरीने पदर पसरला. पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं.

पण नाव काही पुकारलं गेलं नाही. अण्णा बक्षिसाचा कप माझ्या डोक्यावर ठेवून निघून गेले. मयूरीने त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी ती पुण्याच्या एसटीत बसली. जाताना अख्तरबीच्या पाया पडली, असं हुसेनभाई सांगत होते. मग घरोघरी टीव्हीला जोडायचे गेम आले, पार्लर बंद पडलं, मला परत न्यायला कुणी आलं नाही, आणि मी या शेडमध्येच राहिलो. माझ्या कपात कामगार खिळे ठेवू लागले.

गेल्या आठवड्यात, म्हणजे १९९९ च्या थंडीत, लालासाहेब नावाचा भंगारवाला टेम्पो घेऊन आला. शेड आता अर्जुना बघतो.

"ह्ये खोकं टाकू का गाडीत?"

"खोकं न्हवं रं त्ये," अर्जुना म्हणाला. त्याने कपातले खिळे ओतले आणि सदऱ्याच्या टोकाने कप पुसला. "ह्याच्यावर मयूरीनं मला हरवलं हुतं."

"कोन मयूरी?"

"चॅम्पियन हुती. लय भारी खेळायची."

"कुठं असती आता?"

"ठाव न्हाई गड्या." मला त्याने विकलं नाही.

मित्रांनो, मला पुसू नका, चालवू नका, माझं काही म्हणणं नाही. मी लाकूड आणि काच. पण कुणी तुम्हाला आपलं नाव सांगितलं, तर त्याच नावाने हाक मारा, आणि माणूस समोर असतानाच मारा. या शेडमध्ये ते नाव शेवटी घेतलं गेलं. ऐकायला मी होतो आणि भंगारवाला. ती नव्हती.