फ्लॉपीचे पाय धुणारा संगणक

मित्रांनो, माझा हा पिवळा पडलेला चेहरा बघून खुशाल हसा. मी एक जुना संगणक आहे. माझा पडदा काळा आणि त्यावर उमटणारी अक्षरं हिरवीगार. मला चित्रं दाखवता येत नाहीत, गाणी म्हणता येत नाहीत, आणि सुरू व्हायला मी इतका वेळ घेतो की तेवढ्यात चहा होतो. पण मी काय काय पाहिलंय ते ऐकलंत, तर हसता हसता तुम्ही माझ्याजवळ सरकून बसाल!

माझे भाग कुठल्या कुठल्या देशांत घडले. मला जोडलं पुण्याच्या एका गाळ्यात आणि नशीब निघालं जुन्या जालन्यात. १९९१ साली टेम्पोत बसून मी मस्तगडला, बद्रीनाथ शेठच्या बियाण्याच्या ठोक दुकानात आलो. काय थाट होता त्या दिवशी! शेजारपाजारचे व्यापारी चपला बाहेर काढून मला बघायला येत होते. मला हार घातला, हळदीकुंकू लावलं. शेठनी नारळ थेट माझ्यासमोर फोडायला घेतला, तेव्हा मात्र माझी घाबरगुंडी उडाली. त्याचं पाणी कळफलकात गेलं असतं तर बोलण्याआधीच मुका झालो असतो. मैमूना नावाची नवी मुलगी नुकतीच कामाला लागली होती. तिने झटकन सूप आडवं धरलं आणि मी वाचलो.

त्या दिवसापासून मैमूनाची आणि माझी जोडी जमली. कपाशीच्या, बाजरीच्या कोणत्या पिशव्या कोणत्या गावाला गेल्या, त्यांचा लॉट नंबर काय, हे सगळं ती माझ्या पोटात घालायची. एखाद्या गावात बी उगवलं नाही, तर त्या लॉटच्या उरलेल्या पिशव्या कुठे आहेत हे मी चटकन सांगायचो, आणि इतरांची पेरणी फसण्याआधी त्या परत यायच्या. शेठ चारचौघांत म्हणायचे, "आमचं मशीन म्हंजे दुकानाचं डोकं हाये." मी आतून काय फुलायचो म्हणता! माझा पंखासुद्धा जोरात फिरायचा.

पण १९९९ साली दुकानात रंगीत पडद्याचा नवा संगणक आला. माझ्या पोटातलं सगळं त्याच्या पोटात गेलं आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. माझ्या डोक्यावर समोशांचं ताट ठेवू लागले. तेलाचे डाग पडले, फटींतून बाजरीचे दाणे शिरले. मला फार वाईट वाटायचं. कान-डोळे तेवढे शाबूत होते, म्हणून दुकानातलं सगळं ऐकत-बघत बसायचो.

अशाच एका दुपारी धर्मराजभाऊ दुकानात आले. ते तीर्थपुरीचे. १९८३ साली फौजेत, निरोप पोचवणाऱ्या सिग्नलच्या तुकडीत भरती झाले. आधी वायरी ओढल्या, पुढे फौजेत संगणक आले तेव्हा त्यांच्याकडे संगणकांची राखण दिली गेली. बाहेरचं कुणी आत शिरू नये आणि आतलं काही बाहेर जाऊ नये, हे त्यांचं काम. आता निवृत्त होऊन ते घरी आले होते. फौजी माणूस म्हणजे गेटवर उभा राहणार, असं सगळे धरूनच चालले होते. मेहुण्याने तर लोखंडाच्या कारखान्यात चौकीदाराची जागाही बघून ठेवली होती. त्या कामात कमीपणा काहीच नव्हता. पण धर्मराजभाऊंचा जीव संगणकात अडकलेला होता.

"फौजेत काय काम करत व्हते तुमी?" शेठनी विचारलं.

"संगणकाची राखन."

"म्हंजे नेमकं काय?"

"ते सांगता येत न्हाई, शेठ."

"आरं! मंग मला कसं कळावं तुमाला काय येतं ते?"

"एक सीझन ठेवून बघा. न्हाई पटलं तर मी आपला कारखान्याच्या गेटवर जातो."

मैमूना तोंडाला ओढणी लावून हसत होती. शेठही हसले. तोंड बंद ठेवणारा माणूस त्यांना आवडला असावा. त्यांनी एका सीझनपुरतं ठेवून घेतलं.

झालं! दुसऱ्या दिवसापासून दुकानात फौज उतरली. त्या काळी मस्तगडात संगणकावरच्या पत्रिकांचं भारी वेड होतं. पत्रिका जुळवायची एक फ्लॉपी ह्या घरातून त्या घरात, ह्या दुकानातून त्या दुकानात हिंडायची. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चौकोनी पातळ डबी, तिच्यात माहिती भरून इकडची तिकडे न्यायची. ज्याच्या घरी लग्नाचं पोर, तो फ्लॉपी घेऊन आमच्या दुकानात हजर. त्यातून व्हायरस आत शिरला तर लॉट नंबरांची सगळी माहिती एका झटक्यात पुसली जाईल, आणि पेरणी तर तोंडावर आलेली. म्हणून धर्मराजभाऊंनी हुकूम काढला, बाहेरची फ्लॉपी बंद. कारण विचारलं तर म्हणायचे, "ऑर्डर हाये." ऑर्डर कोणाची, तर त्यांचीच!

"क्या जी भाई," मैमूना कुरकुरली, "हे दुकान हाये, बॉर्डर न्हाई. लोकं नाराज होऊन राह्यले."

तिचं खरं होतं. लोक धुसफुसत परत जायचे. मला कोपऱ्यातून दिसत होतं, की हा माणूस बरोबर काम चुकीच्या तऱ्हेने करतोय. पण मला कोण विचारतो!

मग मे महिन्यात ती गोष्ट घडली. शेठच्या मुलीचं, बेबीनंदाचं लग्न ठरत आलं होतं. परतूरहून मुलाचे वडील साहेबराव मोठ्या हौसेने आले. खिशातून मुलाच्या पत्रिकेची फ्लॉपी काढून म्हणाले, "चला, तुमच्या रंगीत मशीनवर गुन जुळवून बघू." शेठनी चहा सांगितला, खुर्ची पुसली. आणि धर्मराजभाऊ संगणकासमोर ताठ उभे राहिले.

"बाहेरची फ्लॉपी लावता येनार न्हाई."

साहेबरावांचा चेहरा उतरला. "आमच्या पोराच्या पत्रिकेला दारातच अडवता व्हय?" असं म्हणून ते उठले. चहा अर्धा तसाच राहिला.

शेठ रागाने ओरडले. "फौजी, माझ्या लेकीची सोयरीक मोडायला आल्ते का तुमी? उद्या दुकानाच्या चाव्या मैमूनाजवळ देऊन टाका!"

शेठ घरी गेल्यावर धर्मराजभाऊ माझ्या शेजारच्या पोत्यावर येऊन बसले. एवढा मोठा गडी, पण हात मांडीवर नुसते पडले होते. मला इतकं भरून आलं! टाकून दिल्यावर कसं वाटतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

तेवढ्यात त्यांची बायको उषाबाई डबा घेऊन आली. मैमूनाने तिला सगळं सांगितलं. डबा उघडता उघडता उषाबाईने विचारलं, "तुमच्या फौजेत पाव्हने येत नव्हते का हो?"

"न्हाई. तिथं येनारा एक तर आपला, न्हाई तर दुश्मन."

"आन् इथं येनारा पाव्हना असतो. त्याला आपन दारातून हाकलतो का? पाय धुवायला पानी देतो, मंग आत घेतो. बिनधुल्या पायानं घरात आला म्हनून कोनी त्याच्याशी भांडन करतं का?"

धर्मराजभाऊंच्या हातातला घास हातातच राहिला. मग त्यांनी मान वळवली आणि, मित्रांनो, ते चक्क माझ्याकडे बघू लागले!

"मैमूनाताई, हे जुनं मशीन चालतं का?"

"पता न्हाई भाई, कोनी लावलंच न्हाई."

माझ्या डोक्यावरचं ताट खाली गेलं. झाकण निघालं. ब्रशने धूळ झाडली, चिमट्याने बाजरीचे दाणे वेचले, एक सैल झालेली पट्टी दाबून बसवली. भाऊ एवढे रंगात आले होते की शिट्टी वाजवत होते. औरंगाबादहून आणलेली, व्हायरस शोधून काढणारी तपासणीची फ्लॉपी त्यांनी माझ्यात घातली आणि बटण दाबलं. माझ्या अंगातून वीज सळसळली. पंखा घरघरला, मी "बीप" केलं आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं चमकली! मैमूनाने टाळ्या पिटल्या. मला जर पाय असते तर मी त्या दिवशी नाचलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मराजभाऊंनी चाव्या टेबलावर ठेवल्या आणि शेठना म्हणाले, "माझी चूक झाली. व्याह्यांना एकदा चहाला बोलवा. मी अडवनार न्हाई. तरी बिघडलं, तर तुमी म्हनायच्या आत मी जातो." शेठ घुश्शातच होते. पण लेकीच्या सोयरिकीसाठी त्यांनी निरोप धाडला.

साहेबराव आले ते तोंड फुगवून. धर्मराजभाऊ पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. त्यांनी स्वतः पाण्याची धार धरली. साहेबरावांनी पाय धुतले, उपरण्याने तोंड पुसलं, तसा त्यांचा राग थोडा ओसरला. मग भाऊ हात जोडून म्हणाले, "मालक, तुमच्या फ्लॉपीला बी पाय धुवायला पानी देऊ का?"

"आं? ते कसं?"

भाऊंनी मला दाराजवळच्या टेबलावर मांडलं होतं. माझं पोट आता रिकामं, व्हायरस आला तरी पुसण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी फ्लॉपी माझ्यात सरकवली. आता सगळं माझ्यावर होतं! मी जिवाच्या करारावर तपासत सुटलो. कप्प्यामागून कप्पा, अक्षरामागून अक्षर. आणि मध्येच मला तो दिसला. व्हायरस! मी जोरात "बीप" केलं. पडद्यावर तांबडं काही दाखवता येत नाही मला, पण हिरवी ओळ लुकलुकायला लागली.

शेठच्या कपाळावर घाम आला. साहेबराव खुर्चीतून अर्धे उठले. "काय झालं? दोष निघाला का पत्रिकेत?"

एका चुकीच्या शब्दाने सगळं परत बिघडलं असतं. धर्मराजभाऊ शांतपणे म्हणाले, "पत्रिकेत काई न्हाई, मालक. रस्त्याची धूळ हाये. चार गावं फिरून आलेल्या पायाला लागायचीच. आत्ता धुऊन निघती."

त्यांनी कळ दाबली, मी धूळ काढली, आणि पुन्हा तपासलं तेव्हा फ्लॉपी लख्ख होती. मगच ती रंगीत संगणकात गेली. पत्रिका उघडली, गुण भरभरून जुळले. साहेबराव खळखळून हसले. "बद्रीनाथजी, मानूस बराबर ठेवलाय तुमी! आमच्या परतूरच्या दुकानात बी असाच घोळ हाये. ह्यांना एक दिवस पाठवा की."

साहेबराव गेल्यावर शेठनी टेबलावरच्या चाव्या उचलल्या आणि भाऊंच्या हातात ठेवल्या.

"मैमूनाताईकडं देऊ का?" भाऊंनी विचारलं.

"काहून? उद्या दुकान कोन उघडनार मंग?"

त्या माणसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. फौजेत इतकी वर्षं काढलेला गडी, पण त्याने ते लपवलं नाही.

त्या पावसाळ्यात मस्तगडची अर्धी दुकानं आपल्या फ्लॉप्या माझ्याकडे पाय धुवायला पाठवत होती. भाऊंनी पुढे स्वतःचा गाळा घेतला आणि मलाही तिथे नेलं. औरंगाबादच्या कंपन्या त्यांना बोलावू लागल्या, मैमूना त्यांच्या कामात भागीदार झाली. फ्लॉप्यांचा जमाना सरला, इंटरनेट आलं, नवे नवे व्हायरस आले. कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला भाऊ आधी माझ्यासमोर उभं करतात आणि सांगतात, "दार लावनं सोपं असतं रे. येनाऱ्याला धुऊन-पुसून आत घेनं, हे खरं काम."

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. एका जगातून दुसऱ्या जगात आलेला माणूस पहिल्या दिवशी अडखळतोच. तो चुकला म्हणून त्याला घालवू नका, त्याला तुमच्या घरची रीत सांगा. आणि माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र भंगारात घालण्याआधी त्याची धूळ झाडा आणि एकदा, फक्त एकदा, बटण दाबून बघा. दाबा ना! मी अजून सुरू होतो!