तिसऱ्या पायरीवरचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी, मुठीत मावणारी पितळी हातोडी आहे. हसू नका! खिळे ठोकण्याचं हलकं काम मी जन्मात केलेलं नाही. मी वेगवान होड्यांचे तळ ठोकून ऐकते आणि आत पोकळी कुठे आहे ते बिनचूक सांगते.

पूर्वी मी एका स्पीडबोटीच्या पंख्याचं पातं होते. तो पंखा खडकावर आपटून मोडला. त्यातला एक तुकडा होड्या बांधणाऱ्या मिस्त्रींनी कानशीने घासून मला घडवलं आणि जुन्या वल्ह्याचा दांडा बसवला. तेव्हा त्यांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं.

फायबरची होडी थरावर थर देऊन बनते. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड पसरायचं, त्यावर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, ओतायचं, रोलर फिरवून हवा काढायची, की वर दुसरं कापड. चुकून हवा आत राहिली तर ती डोळ्यांना दिसत नाही. मला मात्र कळते. तळ भरीव असला की मी 'टण्ण' बोलते, पोकळ असला की 'थद्द'. मिस्त्री होडी पालथी घालून डावा तळहात तळावर टेकवत, उजव्या हाताने मला हळूच आपटत आणि वीतवीत सरकत खडूने 'ठीक' किंवा 'पोकळ' अशी खूण करत. त्यांची खूण झाली की पुन्हा तपासायची कुणाची टाप नव्हती. "मिस्त्रींचा कान म्हणजे कान!" असं कारखान्यात इंजिनं बसवणारे फिटरकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यातला निम्मा मान माझा, हे मी ठणकावून सांगते.

पुढे मिस्त्रींची लेक शिकून आली आणि होड्यांचे आराखडे काढू लागली. तिने एका होडीच्या तळाला तीन आडव्या पायऱ्या ठेवल्या. वेग आला की पायऱ्यांखाली हवा शिरते, होडी वर उचलली जाते आणि तळाचा मागचा, तिसऱ्या पायरीजवळचा जेमतेम ताटाएवढा भाग पाण्याला लागतो. तेवढ्या जागेवर पाणी दगडासारखं आदळतं. तिथे पोकळी असली तर थर सुटतो आणि तळ फाटतो.

"पहिली चाचणी मीच घेणार, होडी मीच पळवणार," लेकीने जाहीर केलं.

 मिस्त्री म्हणाले, "घे की! तळ मी तपासणार आहे ना?"

चाचणीच्या आदल्या सकाळी आम्ही कामाला लागलो. पहिली पायरी, टण्ण. दुसरी, टण्ण. तिसरीच्या डाव्या कोपऱ्यात मी स्पष्ट बोलले, 'थद्द!' आणि मिस्त्रींनी खुशाल 'ठीक'ची खूण केली!  ग्राइंडर आणि इंजिनांच्या कल्लोळात उभा जन्म काढून त्यांचे कान गेले होते. समोरचा काहीही बोलला तरी ते "हो, हो" म्हणून मान डोलवायचे. लेकीला संशय होता, पण वडिलांना तोंडावर म्हणायचं कसं?

खूण करून मिस्त्री पुढे सरकले आणि थबकले. भरीव तळावर ठोकलं की डाव्या तळहाताला येणारी नेहमीची झिणझिण त्यांना जाणवली नव्हती. ते मागे आले, मला पुन्हा आपटलं. पुन्हा एकदा. तळहाताला झिणझिण आलीच नाही. त्यांनी मला मुठीत घट्ट धरलं. तीस-पस्तीस वर्षांचं नाव त्या मुठीत होतं, मित्रांनो. मग त्यांनी हाक मारली.

"बाळ, इकडे ये. तू ठोकून बघ. मला ऐकू येत नाही."

लेकीने मला आपटलं आणि तिचा चेहरा उतरला. सगळ्या खुणा पुसून तिने पूर्ण तळ नव्याने तपासला. कोपरा कापल्यावर आत तळहाताएवढी पोकळी निघाली. चाचणी आठवडाभर पुढे गेली. फिटरकाका वैतागले, मग पोकळी पाहून स्वतःच तो कोपरा नव्याने भरायला बसले.

हल्ली तपासणीला आतली पोकळी पडद्यावर दाखवणारं यंत्र आलंय आणि मी खिळ्याला टांगलेली असते. माझ्यावर धूळ बसते, त्याचा थोडा राग येतोच. पण प्रत्येक चाचणीआधी लेक मला काढून पुसते, तिसऱ्या पायरीवर आपटते, आणि मिस्त्री शेजारी तळहात टेकवून उभे राहतात.

मला पुसा, न पुसा, मित्रांनो. पण नीट ऐकू आलं नसेल, तर उगाच मान डोलवू नका. पुन्हा विचारा. मिस्त्रींनी ते एक वाक्य उच्चारलं, म्हणून त्यांची लेक ती होडी पळवून हसत हसत धक्क्यावर परत आली.