ठोकळ्यांचं विहार

बायडाबाईंच्या मुलीचं, मैत्रीचं, लग्न झालं ते साल दोन हजार पाच. मे महिना होता. मांडवाचं सामान परत जातंय न जातंय तोच बायडाबाईंच्या नवऱ्याला, संभाजी रणपिसे यांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. विश्रांतवाडीतल्या त्या गल्लीत त्यानंतरची कुठलीही गोष्ट सांगायची झाली की माणसं म्हणतात, मैत्रीच्या लग्नानंतर. तर मैत्रीच्या लग्नानंतरच्या वर्षी विहार बांधायला काढलं.

विहाराची जागा संभाजींनी मिळवलेली. ते पोस्टात सॉर्टिंगला होते. पाळी संपली की सायकल काढायची आणि ह्या कचेरीतून त्या कचेरीत अर्ज घेऊन हिंडायचं, ह्यात त्यांच्या उमेदीची वर्षं गेली. जागा हातात आली तेव्हा तिथे पत्र्याची शेड ठोकली. आत बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, खाली सतरंजी. रविवारी वंदनेला संभाजी पुढे, बाकीचे मागे. झटका आल्यावर त्यांचे शब्द तोंडात घोळून बाहेर पडायला लागले, पण शेड जमिनीलगत होती. बायडाबाई चाकाची खुर्ची ढकलत त्यांना थेट मूर्तीसमोर नेत, आणि वंदना घोळत का होईना, चालू राहिली.

त्यांचं मागणं एकच होतं. विहार पक्कं बांधा, उंच बांधा, काय वाटेल ते करा. पण मला माझ्या खुर्चीतून आत जाता आलं पाहिजे. कोणी उचलून न्यायचं नाही. त्यांच्या वडिलांनी गावाकडे देवळाच्या पायरीखाली उभं राहून आयुष्य काढलं होतं. छप्पन्न साली त्यांनी ते देव सोडले आणि पायरीखाली उभं राहणंही सोडलं. संभाजींना पायरी ह्या गोष्टीचाच तिटकारा होता.

कमिटीचे अध्यक्ष रामदास ओव्हाळ. बँकांनी माणसं कमी करायला काढली तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. बोलण्यातून मात्र घेतली नव्हती. "संभाजीराव," ते म्हणाले, "तुमच्या खुर्चीसाठी बाजूने उतार करायचा म्हणजे करायचा. माझा शब्द." पावसाचं पाणी आत शिरतं म्हणून जोतं उंच घ्यायचं ठरलं होतं, तेव्हाचं हे बोलणं. कागदावरचा नकाशा एका ड्राफ्ट्समनने काढून दिला होता. तो कमिटीतल्या कोणालाच उलटा की सुलटा हे कळत नव्हतं. पण आपल्याला कळत नाही असं म्हणायचं कोणी?

तेवढ्यात आयुष अमेरिकेहून आला. आयुष म्हणजे संभाजींचा पुतण्या, हिंजवडीत कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. अमेरिकेहून येताना माणसं चॉकलेटं आणतात, सेंटच्या बाटल्या आणतात. ह्याने पेट्या भरभरून लहान मुलांचे प्लॅस्टिकचे ठोकळे आणले. घरात ना बायको, ना मूल.

"हे कोणासाठी रे?" बायडाबाईंनी विचारलं.

"माझ्यासाठी, काकी. तिकडे मोठमोठे आर्किटेक्ट ह्यातूनच बिल्डिंगची मॉडेल्स करतात. मी आपल्या विहाराचं करतोय."

"तिकडचे आर्किटेक्ट अजून शाळेत जातात वाटतं."

आयुष हसला. त्याला वाटलं काकीने विनोद केला.

सगळा उन्हाळा त्याने ठोकळे जोडण्यात घालवला. मग एका रविवारी वंदना झाल्यावर शेडमध्ये टेबल मांडलं आणि वर घातलेला रुमाल बाजूला केला. पांढऱ्या ठोकळ्यांच्या भिंती, निळ्या खिडक्या, पुढे लाल पायऱ्या, दारात दोन प्लॅस्टिकची झाडं. माणसं अशी पुढे झुकली की मूर्तीकडे पाठी झाल्याचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. जो नकाशा कोणाला कळत नव्हता तो आता सगळ्यांना कळला. रामदास ओव्हाळ तर बोटाने दार उघडून बघत होते.

"आणि हे वर काय?" बायडाबाई म्हणाल्या.

"स्तूपाचा घुमट, काकी."

घुमटाचे थर एकावर एक चौकोनी चढत गेले होते, कारण त्या ठोकळ्यांना गोल होणं ठाऊक नव्हतं.

"मला वाटलं ढोकळा."

पोरी खुसुखुसु हसल्या. रामदास ओव्हाळांनी घसा खाकरला. "वहिनी, पोराने कष्ट केलेत. कौतुक करावं माणसाने."

"कौतुक आहेच हो. पण आमचे हे वर जायचे कुठून? उतार दिसत नाही."

खुर्चीत बसलेल्या संभाजींनी डावा हात वर केला. म्हणजे त्यांचाही प्रश्न हाच होता.

आयुषने चष्मा वर सारला. "काकी, त्याचं काय आहे, माझ्या सेटमध्ये स्लोपचे पीस नाहीयेत. हे सगळे चौकोनी आहेत. ठोकळ्यांत पायरी होते, उतार नाही होत. तेवढं लिमिटेशन आहे. इथे डाव्या बाजूला मी जागा सोडलीय बघा. इथे रॅम्प आहे असं धरून चाला."

"धरून चालता आलं असतं," बायडाबाई म्हणाल्या, "तर त्यांनी तुला विचारलं कशाला असतं?"

मग कोणीतरी टाळी वाजवली, ती मॉडेलसाठी होती असं सगळ्यांनी मानून घेतलं आणि टाळ्यांचा गजर झाला. त्याच बैठकीत ठराव झाला की बांधकाम मॉडेलप्रमाणे करावे. उताराचं नाव ठरावात आलं नाही. जे धरून चालायचं ते लिहायचं कशाला?

बांधकामाचं काम रियाज तांबोळीकडे गेलं. माणूस कामाचा, तोंडाचा गोड. त्याने शेड उतरवली, पाया खणला. पावसाळ्यात मूर्ती आणि तसबीर ओव्हाळांच्या हॉलमध्ये राहिली. वंदनाही तिथेच, पहिल्या मजल्यावर. संभाजी खाली पार्किंगमध्ये खुर्चीत बसून वरून येणारा आवाज ऐकायचे आणि ओठ हलवायचे. बायडाबाई त्यांच्याजवळ उभ्या राहायच्या. "थोडे दिवस हो," त्या म्हणायच्या, आणि नवऱ्याकडे न बघता समोरच्या स्कूटरकडे बघायच्या.

ऑगस्टच्या शेवटाला त्या बांधकाम बघायला गेल्या. भिंती उभ्या होत्या. पुढे रुंद, देखण्या पायऱ्या झाल्या होत्या, त्यांना लाल फरशीसुद्धा बसली होती. वर घुमट होता, आणि तो चक्क गोल होता.

"रियाजभाई, घुमट गोल कसा झाला? मॉडेलमध्ये तर पायऱ्या पायऱ्या आहेत."

"काय मावशी! घुमट गोल असतो हे काय सांगायला पाहिजे?"

"आणि उतार?"

रियाजने डोकं खाजवलं. "मॉडेलमध्ये नाही ना तो. मी विचारलं आयुषभाऊंना. ते म्हणाले, धरून चाला. मग आम्ही धरून चाललो."

"घुमटाच्या वेळी बरी अक्कल चालली तुमची."

"घुमट रस्त्यावरून दिसतो, मावशी," रियाज म्हणाला. ह्यात खोटं काही नव्हतं, म्हणून बायडाबाई आणखी चिडल्या.

त्या तशाच ओव्हाळांकडे गेल्या. ओव्हाळ म्हणाले, जागा ठेवलीय, काळजी नको, उद्घाटन होऊन जाऊ दे. धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती, त्याच विजयादशमीला उद्घाटन धरलं होतं. मोठमोठे पाहुणे येणार होते. आणि पाहुण्यांनी आयुषचं मॉडेल बघायला हवं होतं. एका वर्तमानपत्राने त्याचा फोटो छापला होता, मथळा होता 'आयटी अभियंत्याची धम्मसेवा'. संभाजींनी जागेसाठी सायकली झिजवल्या तेव्हा कोणी फोटो काढायला आलं नव्हतं. पण तेव्हा ठोकळे कुठे होते?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बायडाबाई पुन्हा गेल्या आणि जागच्या जागी थांबल्या. पायऱ्यांच्या डाव्या अंगाला, जी जागा उतारासाठी आहे असं सगळे धरून चालले होते, तिथे सिमेंटचा ओटा बांधला होता. त्यावर काचेची पेटी. पेटीत मॉडेल. वर पत्र्याचं छप्पर, आत छोटा दिवा.

"हे काय?"

"मॉडेलला कायमची जागा नको का, वहिनी?" ओव्हाळ म्हणाले. "ऊन-पावसाचं कुठे ठेवणार?"

बायडाबाई त्या वेळी काहीच बोलल्या नाहीत. जी बाई बोलते तिची कमिटीला सवय झाली होती. ती गप्प बसली की सावध व्हावं, एवढं मात्र कोणाला सुचलं नाही.

उद्घाटनाला तोबा गर्दी. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पाहुण्यांच्या गाड्या थेट चौकापर्यंत. संभाजींची खुर्ची पायऱ्यांपाशी आली आणि थांबली. बाजूला चपलांचा ढीग होता. चार तरणी पोरं धावली. "काका, उचलतो आम्ही. एका मिनटात वर."

संभाजींनी डावा हात आडवा केला. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, पण ते निघाले ते स्पष्ट निघाले. "चौघांनी... उचलायचं ते... एकदाच. आज नाही."

पोरं मागे सरली. आतून त्रिसरणाचा आवाज सुरू झाला. ध्वनिक्षेपकावर ओव्हाळ म्हणाले की ज्यांच्या अथक प्रयत्नांतून ही जागा मिळाली ते आदरणीय संभाजीराव आज आपल्यात उपस्थित आहेत, त्यांच्या सौभाग्यवतींनी शाल स्वीकारायला यावं. बायडाबाईंनी पायऱ्यांखालूनच हात जोडले आणि जागेवरून हलल्या नाहीत. पुन्हा पुकारा झाला. मग ती शाल एका पाहुण्याच्याच अंगावर पडली. त्याची ती दुसरी होती. उकाड्याने तो घामाघूम झाला होता.

संभाजी चपलांकडे बघत होते. "बाबा... इथेच... उभे राहायचे," ते म्हणाले. बायडाबाईंना वाटलं आता ह्यांच्या डोळ्यांना पाणी येणार. पण ते काही आलं नाही. त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं आपटली, घरी चल अशी खूण केली आणि वाटभर एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या रविवारी वंदनेची वेळ झाली तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. बायडाबाईंनी एकटीने घरी वंदना म्हणून पाहिली, तर त्यांनी ओठ हलवले नाहीत. तेव्हा त्या घाबरल्या. झटक्यानं माणूस अर्धा गेला होता, आता उरलेला अर्धाही भिंतीकडे निघाला होता.

सोमवारी सकाळी त्यांनी रियाजला गाठलं. तो शेजारच्या प्लॉटवर काम करत होता.

"रियाजभाई, तो ओटा फोडायचा आणि तिथे उतार करायचा. लांब करा, खुर्ची एकट्या बाईला ढकलता आली पाहिजे."

"कमिटीचा ठराव दाखवा, मावशी. नाहीतर ओव्हाळसाहेब माझी मान धरतील."

"ठराव झालाय," बायडाबाई म्हणाल्या, "असं धरून चाला."

रियाज असा हसला की त्याला विडी टाकून द्यावी लागली. "चला," तो म्हणाला.

कमिटी कामाधंद्याला गेली होती, ओव्हाळ बँकेत पेन्शनच्या रांगेत होते. मॉडेल बायडाबाईंनी स्वतःच उचललं, पदर खोचून. जपूनच उचललं होतं. पण विहारात ठेवायला पायरी चढताना घुमट निसटला, त्याच्यामागून एक भिंत गेली, आणि निळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांचा सडा पडला. त्यांनी घरून सूप मागवलं आणि ज्वारी भरावी तसे ठोकळे त्यात भरले.

संध्याकाळी आयुष धावत आला. "काकी! सगळा समर गेला माझा त्यात! तुम्हाला काही अंदाज आहे का?"

काकीने त्याच्यासमोर सूप ठेवलं. "निवडून घे. खडे नाहीत त्यात."

ओव्हाळांनी तातडीची बैठक बोलावली. बेकायदा तोडफोड, सार्वजनिक मालमत्ता, शिस्त, असे बरेच शब्द ते घेऊन आले होते. पण बैठक विहारात होती. गुडघ्याने बेजार झालेल्या यमुनाबाई, पोटुशी असलेली ओव्हाळांचीच सून, सगळ्या बायका एकामागून एक नव्या, अजून ओल्या उतारावरून फळ्या टाकून वर आल्या. पायऱ्या मोकळ्याच राहिल्या.

"तर हा उतार ठेवायचा का?" ओव्हाळांनी विचारलं.

"ठेवायचा म्हणजे?" यमुनाबाई म्हणाल्या. "आता मी घरी जाऊ कशी?"

ठराव मंजूर झाला. पुढे आयुषने अमेरिकेहून तिरके ठोकळे मागवले, कारण असे ठोकळे मिळतात, नुसतं मागायला लागतं. मॉडेल त्याने पुन्हा जोडलं, उतारासकट. आता ते ओव्हाळांच्या हॉलमध्ये टीव्हीवर आहे.

सिमेंट वाळल्यावर आलेल्या पहिल्या रविवारी बायडाबाई नवऱ्याला न सांगता खुर्ची घेऊन निघाल्या. उतार सुरू झाला तेव्हा संभाजींनी मान वर केली. मधे बायडाबाईंना दम लागला म्हणून खुर्ची थांबली. मदतीला कोणी पुढे आलं की त्या डोळे वटारायच्या. मग खुर्ची वर गेली, दारातून आत शिरली आणि मूर्तीसमोर थांबली. वंदनेला जमलेल्या सगळ्यांना वाटलं, आता संभाजी काहीतरी बोलतील, डोळे पुसतील.

संभाजींनी छताकडे पाहिलं, भिंतींकडे पाहिलं, ओव्हाळांकडे पाहिलं.

"रंग... दवाखान्यासारखा... दिलाय," ते म्हणाले, आणि वंदना सुरू केली.

त्यानंतर त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. संभाजी रणपिसे दोन हजार आठच्या फेब्रुवारीत, गुरुवारी दुपारी, झोपेत वारले.